नव्याच्या पुनवेचा वाटा

किन्हवली,
आश्विन वद्य षष्ठी, शके १८६४

चि. चंदर यास थोरली बहीण रंभा हिचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. भाऊबिजेला रजा मिळतेय, येतो म्हणून लिहिलंस. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हे पत्र टपालात टाकत नाही. चांगोमामा ठाण्याला लेकीकडे निघालाय, तोच तुझ्या हातात देईल. पोलीस लाईनीत कुणासमोर वाचू नकोस आणि वाचून झालं की चुलीत घाल.

इकडे सगळं बरं आहे. हळवं भात कापून झालं, गरव्याला अजून अवकाश आहे. तांबू व्याली, पाडी झाली. घासलेट मिळत नाही म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतो. सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत, तोंड मात्र चालतं. तुझे दाजी कोळशाच्या भट्टीवर कामाला गेलेत.

शहापूरच्या बातम्या माझ्याआधी तुलाच कळत असतील. कचेरीवर मोर्चा गेला, लाठ्या चालल्या. त्यात तुझी लाठी होती का, हे मी विचारत नाही. कसाऱ्याच्या बाजूला तारा तोडल्या म्हणतात, तानसाच्या धरणावर बंदूकवाले उभे केलेत. आमच्या पाटलांनी पाटीलकी सोडली. पूर्वी जंगलचा शिपाई आला की माणसं उठून उभी राहायची, आता बसल्या जागी तंबाखू मळत राहतात. मला तर मोर्चापेक्षा हेच मोठं वाटतं.

दाजी भट्टीवर गेलेत असं वर लिहिलं. गावाला सांगते तेच सवयीने तुलाही लिहून गेले. तुला ठाऊकच आहे. श्रावणापासून ते डोंगरात लपलेल्या, तारा तोडणाऱ्या पोरांबरोबर आहेत.

आता उशिराचं कारण लिहिते.

नव्याच्या पुनवेला दुपारी फौजदार आला. बरोबरचे शिपाई सगळे घाटावरचे, आपल्याकडचा एकही नव्हता. याआधी आले तेव्हा कणगीत काठ्या खुपसल्या, माळा उलथापालथा केला. या खेपेला कशालाही हात लावला नाही. फौजदार पडवीत घोंगडीवर बसला आणि मला म्हणाला, "नव्याचा भात शिजला ना? मग जेवा की."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"का? कुणाचा वाटा आधी पोचवायचाय का?" असं म्हणून तो हसला. "पोचवा, पोचवा. आम्ही बसलोय."

तुला आमच्या घरची रीत माहीत आहे. पुनवेला नवा भात घरातल्या सगळ्यांनी मिळून खायचा. कुणी बाहेर असेल तर त्याचा वाटा आधी त्याला पोचवायचा, तोवर दुसऱ्या कुणी तोंडात शीत घालायचं नाही. वाटा नसतो तो फक्त मेलेल्या माणसाचा. सासूबाईंनी लेकाचा वाटा पळसाच्या पानात बांधून कोनाड्यात ठेवलाच होता. जीव धोक्यात घालू नका, असं मी आदल्या दिवसापासून सांगत होते. त्यांचं एकच, वाटा गेला नाही तर माझा लेक घरातून तुटला. ठाकूरवाडीची सावळी दुपार कलली की तो वाटा डोंगरात न्यायला येणार होती.

ती आलीही. मागच्या दारातून मी पाहिलं, बांधावर तिने शिपाई बघितले आणि तशीच पाटी घेऊन सरळ पुढे गेली. फौजदार काही हलेना. अंगणात सावल्या आल्या.

मग सासूबाई भिंतीला धरून उठल्या. कोनाड्यातलं पान काढलं, सोडलं, आणि भात ताटात ओतून फौजदाराच्या समोर येऊन बसल्या.

"घरात आमी दोघीच हाव," त्या म्हणाल्या. "तिसरा कोन नाय. ये गो रंभे, जेव."

आणि लेकाच्या वाट्याचा घास त्यांनी तोंडात घातला. मीही घातला. चंदर, कपाळावर कुंकू असताना मी माझ्या नवऱ्याचा वाटा जेवले. फौजदार थोडा वेळ आमच्या तोंडांकडे बघत राहिला. वाटा पोचल्याशिवाय आम्ही जेवत नाही ही त्याला मिळालेली खबर खोटी, असं त्याला वाटलं असावं. उठून गेला.

सासूबाईंचं तोंड चालतं असं वर लिहिलं, तेही खरं नाही. त्या दिवसापासून त्या भाताला शिवल्या नाहीत. नाचणीची भाकरी खातात आणि बोलल्याच तर पाडीशी बोलतात.

घाटावरच्या माणसाला आमच्या घरातली रीत कुणी सांगितली? गावात दुसऱ्या कुणाकडे अशी नाही, शेजारी आपापलं जेवून मोकळे होतात. ठाण्याच्या लाईनीतला एकच माणूस आमच्या पडवीत नव्याचा भात जेवलाय. त्या वर्षी दाजी बाजारातून उशिरा आले आणि तू भुकेने कळवळून सासूबाईंना म्हणालास, "तुमचा लेक येस्तोवर मी नाय जगत." किती हसलो होतो आपण.

कदाचित तू सहज बोलला असशील. लाईनीत सणाच्या गोष्टी निघाल्या, प्रत्येकाने आपापली सांगितली, तशी तूही. कदाचित बोललाच नसशील. मी रोज तुझी वकिली करते आणि रोज हरते. तुझा फार राग येतो. राग आला की आई गेल्यावर तू माझा पदर मुठीत धरून झोपायचास ते आठवतं, आणि मग रडूच येतं.

दाजी आता त्या डोंगरात नाहीत. कुठे आहेत ते मला माहीत नाही. हे खरं लिहितेय.

तू बोलला नसशील तर भाऊबिजेला ये. दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने ये, सासूबाईंच्या पाया पड. मी मन भरून ओवाळीन तुला.

बोलला असशील तर येऊ नकोस. उत्तरही पाठवू नकोस. तू "नाही" म्हणून लिहिशील, मी ते खरं मानून पुन्हा तुला सगळं सांगीन, आणि पुढच्या पुनवेला आमच्या घरात खरंच दाजींचा वाटा उरणार नाही.

पाट मांडून ठेवते.

तुझी बाय,
रंभा