गोळी घेतल्याचं आठवतं

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. ड्युटी संपवून आले की पाय असे भरून येतात की चपला काढायचंही जिवावर येतं. सासूबाईंचे गुडघे पुन्हा सुजलेत, म्हणजे घरीही पेशंट आहेच. हे मदत करतात. पण चहा केला की ओट्यावर पूर आणतात.

पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. पास झाले तर हंगामीची कायम नर्स होईन आणि ही दुपारपाळी सुटेल. गेल्या खेपेला इंग्रजीनंच घात केला. दोन क्रियापदं लागोपाठ आली की दुसऱ्याला ‘टू’ लावायचं की ‘आयएनजी’, तेच कळत नाही. मी आपलं काहीतरी एक ठोकून देते. तू इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेस, एखादा सोपा नियम सांग ना.

वॉर्डातला रिपोर्टही इंग्रजीतच लिहायचा. खिडकीजवळच्या खाटेवर एक घड्याळजी आजोबा आहेत. घरी एकटेच असतात. त्यांच्या हृदयाच्या गोळ्या सध्या त्यांच्याच हातात दिल्यात. आपण होऊन घेतात असं दिसलं की घरी सोडणार. आज विचारलं, तर ठासून म्हणाले की सकाळची गोळी घेतल्याचं चांगलं आठवतंय. मी लिहिलं, ‘ही रिमेंबर्स टू टेक हिज टॅब्लेट्स.’ हे तरी बरोबर आहे ना? असेल तर शाबासकी कळव.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बारकी


१३ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

बाकीचं मागाहून वाच, आधी हे वाच. तुझं आजोबांबद्दलचं वाक्य व्याकरणात बसतं, पण त्याचा अर्थ भलताच होतो. ‘टू टेक’ म्हणजे गोळी घ्यायची त्यांच्या लक्षात राहते आणि ते घेतात. ‘टेकिंग’ म्हणजे घेतल्याचं त्यांना आठवतं. माणसाला न घेतलेली गोळीही घेतल्यासारखी आठवू शकते. ते जर दुसरं म्हणाले असतील, तर हे पत्र खाली ठेव आणि वॉर्डाच्या मुख्य सिस्टरना जाऊन सांग.

सांगून आलीस? मग बस. सोपा नियम नाही गं. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अवॉइड’ यांच्यामागे ‘आयएनजी’. ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’ यांच्यामागे ‘टू’. का, ते विचारू नकोस, पाठ कर. काही मात्र दोन्ही घेतात आणि अर्थ फिरवतात. तिथे आधी मराठीत म्हणून बघ. बोलायला थांबलो आणि बोलायचं थांबलो, यात आपण कधी गोंधळतो का?

मीही दमलेय. पूर्वपरीक्षेचे पेपर संपत नाहीत, आणि मुलं तुझ्यासारखीच ठोकून देतात. भावजी तुझे म्हणतात की मी झोपेतही चुका काढते.

जेवत जा वेळेवर. आठवण असू दे. माझी तर तुझ्यापाशीच असते.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कपडे बदलायच्या खोलीत उभ्यानंच वाचलं. खिडकीजवळची खाट तेव्हा रिकामी झाली होती. आदल्या दिवशीच आजोबांना घरी सोडलं होतं. माझा रिपोर्ट वाचूनच डॉक्टरांनी सही केली होती.

सिस्टरना सांगितलं. त्यांनी लगेच आजोबांच्या घरी फोन लावला. पलीकडे कुणी घेईना. शेवटी आम्ही दोघीच गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आजोबा खुर्चीत, पायांवर सूज, धाप लागलेली. तरी मला बघून हसले आणि म्हणाले की काळजी करू नकोस पोरी, गोळ्या अगदी वेळेवर घेतल्या. टेबलावर वॉर्डातच दिलेलं पाकीट होतं. एकही गोळी काढलेली नव्हती. ताई, ते खोटं बोलत नव्हते गं. त्यांना खरंच आठवत होतं.

अँब्युलन्समधून आणलं. आता धाप उतरलीय. त्यांची पुतणी येऊन गेली, इथून सोडलं की ती त्यांना स्वतःकडे नेणार आहे.

या खेपेला माझं नाव परीक्षेला पाठवणार नाहीत. सिस्टरनी शांतपणे सांगितलं, मीही ऐकून घेतलं. दुपारपाळी चालूच राहील. वाईट वाटलं, पण रडायलाही त्राण नव्हतं. घरी येऊन सासूबाईंचे पाय शेकले आणि तिथेच भिंतीला टेकून डोळा लागला.

आता रोज आजोबांच्या हातावर गोळी ठेवते, पाणी देते, ती घशाखाली उतरेपर्यंत तिथेच उभी राहते. ते वैतागतात, म्हणतात की मी काय लहान आहे का. मग मी रिपोर्ट लिहिते, ‘आय सॉ हिम टेक इट.’ यात ‘टू’ही नाही, ‘आयएनजी’ही नाही. बरोबर की चूक, ते कळव. पण खरं आहे एवढं नक्की.

चुकांसकट लोभ राहू दे.

तुझी,
बारकी