आईची हनुवटी

ता. २ मे

ति. स्व. मामास,

शि. सा. न. वि. वि. एवढी अक्षरं एकदम बघून घाबरू नकोस. काम आहे म्हणून वाकतेय.

सोबत बारा निगेटिव्ह आहेत. माझा वर्षभराचा प्रकल्प: एकच माणूस, एकच खुर्ची, एकच खिडकी आणि दर महिन्याच्या एक तारखेला एक फोटो. माणूस म्हणजे आई, कारण दुसरं कुणी फुकट बसेना. तीही गप्प बसली नाहीच. दर वेळी माझ्या खोलीतल्या पसाऱ्यावर बोलायची. फेब्रुवारीत तिचं तोंड उघडं आहे ते त्यामुळे.

कल्पना कुठून सुचली विचारशील, तर न्हाणीघरातल्या साबणावरून. रोज बघावं तर तेवढाच दिसतो आणि एक दिवस नुसती चकती उरते. माणसाच्या चेहऱ्याचं तसंच होतं का, हे मला बघायचंय. आईला साबणाचं सांगितलेलं नाही, तूही तोंड मिटून ठेव.

कॉलेजातलं प्रिंट काढायचं यंत्र बिघडलंय आणि बावीस तारखेला सगळं जमा करायचंय. गेल्या वर्षी याच विषयात आपटले होते. पुन्हा आपटले तर कॉलेज मला दार दाखवेल. तेव्हा प्रिंट तूच काढ. तुला काय शिकवायचं, तुझा जन्म त्या डार्करूममध्ये गेलाय.

लोभ असावा, निदान बावीसपर्यंत.

तुझी,
भिंगरी

---

ता. ८ मे

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. प्रिंट पाठवतोय. बसून बघ, उभी असशील तर पडशील.

खिडकीचा उजेड छान पकडलायस. मार्चमध्ये फोकस आईच्या कानावर गेलाय, पण कान सुरेख आलाय, हेही नसे थोडके. बाकी चेहऱ्याचं मी बघितलं. पेन्सिल सँडपेपरवर सुईसारखी टोकदार केली, भिंग लावलं आणि निगेटिव्हवर एकेक सुरकुती भरून काढली. चार दिवस मान वर केली नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. हनुवटीवरचा तो खड्डा तर असा बुजवलाय की खुद्द तुझ्या आईला सापडणार नाही. वीस वर्षांनी लहान झालीय बाई! तुझ्या परीक्षकांनी स्थळ आणलं नाही म्हणजे मिळवली.

आभार मानू नकोस, घरचंच काम आहे.

तुझा,
मामा

---

ता. ११ मे

ति. स्व. मामास,

आज नमस्कार अर्धाच. विनंती विशेष काही नाही, तक्रार विशेष आहे.

मामा, काय करून ठेवलंस! वर्षभरात चेहरा कसा बदलतो, हेच तर दाखवायचं होतं मला. ऑगस्टमध्ये आई आजारातून उठली होती. तुझ्या ऑगस्टमध्ये ती सहलीहून आलीय. आमच्या बाईंनी प्रिंट बघितले आणि शांतपणे विचारलं, की बाराही फोटो एकाच दिवशी काढलेस का. मी रडले, मामा. खरंच रडले. हात लावू नकोस असं मी लिहायला हवं होतं, पण मला ते सुचलंच नाही. आणि तुला विचारायला सुचलं नाही.

मग रागाच्या भरात घरातला अल्बम काढला. तू काढलेल्या एकाही फोटोत, अगदी आईच्या ओळखपत्रावरसुद्धा, हनुवटीवरची खूण नाही. दुसऱ्यांनी काढलेल्या सगळ्या फोटोंत आहे. आईला विचारलं, तर लहानपणी स्टुलावरून पडले म्हणाली आणि हसत आत गेली. काय भानगड आहे?

पेन्सिल पुसता येते का, ते आधी कळव.

लोभ असावा, पेन्सिल नसावी.

तुझी,
भिंगरी

---

ता. १५ मे

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. आणि त्याखाली माझे कान, पकडायला.

पेन्सिल पुसता येते. कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा आणि हलक्या हाताने फिरवायचा. चार दिवसांची कारागिरी एका सकाळी गेली. ऑगस्ट पुसला तेव्हा तुझी आई किती खंगली होती ते दिसलं. पेन्सिल चालवताना माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं, रेघा भरण्यात गुंग होतो. लाज वाटली.

हनुवटी मात्र शेवटपर्यंत राहू दिली होती. आता भानगड ऐक. मी नऊ वर्षांचा, ती पाच. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून मी कॅमेरा केला होता. तिला स्टुलावर उभं केलं आणि मोठ्या फोटोग्राफरच्या थाटात सांगत राहिलो, जरा मागे, अजून जरा मागे. ती मोठ्या विश्वासाने सरकत राहिली. पाय सुटला, हनुवटी स्टुलाच्या कडेवर आपटली आणि चार टाके पडले. घरी मी सांगितलं की तीच उड्या मारत होती. तिने वर बोलणी खाल्ली, पण माझं नाव घेतलं नाही. आजतागायत नाही.

गिऱ्हाइकांचे तीळ आणि मुरमं मी पोटासाठी पुसली. तिची खूण पुसत आलो ती माझ्यासाठी. काल हनुवटीवरचीही पेन्सिल काढली, बाराच्या बारा निगेटिव्हवरची. नवे प्रिंट सोबत आहेत. जमा करण्याआधी तिला दाखव. तिला नको असेल तर नको.

चुकलो. माया पातळ करू नकोस.

तुझा,
मामा

---

ता. २६ मे

ति. स्व. दादास,

सा. न. वि. वि. भिंगरी पास झाली. तिला वेळ नाही, मिरवतेय, म्हणून मी लिहितेय. तुझी पत्रं आणि तिच्या पत्रांचे कच्चे खर्डे, सगळं मी वाचलं, मुलगी टेबलावर उघडं टाकून जाते. साबणाचं कळलं. तिच्याकडे नंतर बघते.

खड्ड्याचा राग मला कधीच नव्हता रे. राग होता तो तू पुसायचास त्याचा. दर वेळी तू फोटो हातात ठेवायचास आणि वाटायचं, ही कोण बया बसवलीय माझ्या जागी? दादाला मी आहे तशी चालत नाही का? विचारायचं राहून गेलं, इतकी वर्षं.

कॉलेजात बाराही फोटो ओळीने लावले होते. जो तो हनुवटीपाशी थांबत होता. बाईंनी विचारलं, परीक्षकांनी विचारलं, झाडायला आलेल्या मावशींनीही विचारलं. सगळ्यांना मी एकच सांगितलं: माझा दादा फोटोग्राफर आहे, हे त्याचं पहिलं काम, आणि अजून टिकलंय.

भिंगरीला आता तुझा फोटो काढायचाय. रविवारी येतोय. दाढी करू नकोस, आहेस तसा बस. कुठे सरकायचं ते मी सांगेन.

लोभ आहेच. स्टूल मी आणते.

तुझी,
धाकटी