कोपरापर्यंत धुतलेले हात

मंगळवार, सारोळे

आज डॉक्टरीणबाई प्रचाराला आमच्या गावात आल्या. आधी सर्जन, मग मालिकेतली खाष्ट सासू, आता निवडणुकीला उभ्या. एका जन्मात एवढं सगळं? मला एक स्वयंपाकघर आवरत नाही.

औक्षणाचं ताट माझ्या हातात होतं. तेवढ्यात आमच्या सासूबाई मध्ये घुसल्या. "सुनेला लई छळलंत तुमी! भरल्या घरातनं ढकलून दिलंत!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई हसल्या. "चुकलंच माझं, आजी." आणि एकदम हसायच्या थांबल्या. "पोट का धरलंय?"

हे दुखणं सासूबाईंनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं! बाईंनी त्यांना शेजारच्या ओसरीवर निजवलं, पाणी मागितलं आणि हात धुतले. थेट कोपरापर्यंत. माईकवरून नाव पुकारत होते, कार्यकर्ते घड्याळ दाखवत होते. बाई डोळे मिटून पोट चाचपत होत्या, जणू गावात दुसरं कुणी नाहीच. "हर्निया आहे. ऑपरेशन लागेल, पण घाबरायचं नाही."

मग भाषण केलं. काय बोलल्या, एक अक्षर आठवत नाही. ती ओली कोपरं तेवढी डोळ्यांपुढून हलत नाहीत.

सासूबाई आत्ता विचारत होत्या, "ह्याच हातानं सुनेला ढकललं व्हतं व्हय गं?"

याच. मी म्हटलं, निवडून आल्या तर कसलं ऑपरेशन करतायत त्या!

सासूबाई अंथरुणावर उठून बसल्या.

"मंग आपून मत न्हाई द्यायचं तिला. माझं पोट तिच्याच हातनं कापून घ्यायचंय मला."