दारावरची थोरली

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, पत्र पाहून घाबरू नकोस. फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस आणि दुसरंच काहीतरी टाइप करत असतेस, म्हणून लिहायला बसले.

आपण फोनवर फोटो टाकतो ना, त्या मोठ्या कंपनीनं मला हाकललं. रोज सकाळी मी हातातल्या शिवणीचा फोटो टाकते आणि माझी बहीण, तुझी धाकटी आजी, त्याला नावं ठेवते. मग ती टाकते, मी नावं ठेवते. दोघींनी जन्मभर लोकांचे कपडे दुरुस्त केले, दुसरं बोलणार काय? परवा तिनं कोटाला अस्तर असं लावलं की कोटालाच लाज वाटावी. मी लिहिलं, तुझे हात तोडून ठेव, तेवढंच लोकांचं कापड वाचेल. झालं! कंपनीच्या यंत्राला वाटलं, म्हातारी खरंच कोयता घेऊन निघाली. खातं बंद. तक्रार केली, तर उत्तर आलं की तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली कुणा माणसाचं नाव नाही. शेजारणीशी भांडण झालं तर तिचं दार तरी बडवता येतं.

हसण्यावारी नेऊ नकोस. धाकटीला आता अजिबात ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही. ती धडधाकट आहे हे मला तिच्या टोमण्यावरून कळतं. तेवढं मला परत मिळवून दे.

जेवणाच्या वेळा पाळ. बाकी लोभ तुला ठाऊक आहे.

तुझी आजी


ता. ११ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

आधी पोट धरून हसले, मग कंपनीचा राग आला.

आम्ही मैत्रिणी मिळून एक छोटं नेटवर्क चालवतो, तिथे ये. त्याचा सर्व्हर माझ्या चपलांच्या कपाटावर घरघरत असतो. सुतारकाम, विणकाम, बागकाम करणारी थोडी माणसं आहेत. जाहिराती नाहीत, वर कुणी शेठ नाही. अशी छोटी घरं जगात पुष्कळ आहेत. प्रत्येकाचा राखणदार वेगळा, नियम वेगळे, पण या घरातल्या माणसाला त्या घरातल्याशी बोलता येतं. घर आवडलं नाही तर आपली माणसं घेऊन दुसरीकडे बिऱ्हाड हलवता येतं.

धाकट्या आजीला मी कळवलं. तिनं आपण होऊन कंपनी सोडली. म्हणाली, जिथे बहिणीला बोलायची सोय नाही तिथे राहून काय करू? तिच्या गावचे ग्रंथपाल असंच एक घर चालवतात, ती तिथे गेली. रविवारी येऊन तुझं खातं उघडून देते.

तुझ्या रागासकट सगळ्या लोभाची मानकरी,
भिंगरी


ता. २ एप्रिल

ती. ताईस न. वि. वि.

मी मेलेले नाही. कुणी तसं सांगितलं असेल तर खोटं आहे.

मध्ये बरं चाललं होतं. आता आठवडा झाला, रोज लिहिते आणि तुझं उत्तर नाही. खिशाची शिवण वाकडी म्हणाले त्याचा राग आला का? वाकडीच होती. रागावली असलीस तर रागावल्याचं लिही. गप्प बसायची आपल्यात पद्धत नाही. ग्रंथपालांनी मला लिहून दाखवलं की तुझ्या बाजूनं दार बंद आहे. मला पटलं नाही. तू दार आपटशील, बंद करणार नाहीस.

दोन दिवस शिवायला बसले नाही. नावं ठेवायला कुणी नसेल तर शिवायचं कशाला?

उत्तर पाठव, शिवी असली तरी चालेल.

तुझी धाकटी


ता. ७ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

काल फोनवर तू जे जे म्हणालीस ते सगळं मला लागू आहे. दार मीच बंद केलं.

ग्रंथपालांच्या घरात चार टवाळ घुसलेत. ते आमच्या घरातल्या मुलींना घाणेरडं लिहायचे. एकीनं रडून बोलणंच सोडलं. ग्रंथपाल एकटे, तक्रार आठवड्यानं वाचतात. मीही दिवसभर कामावर असते. शेवटी त्यांचं आख्खं घरच आमच्यापासून तोडून टाकलं. त्यात धाकटी आजीही आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पण आजी, दार उघडलं तर ते चौघेही आत येणार. तुम्हा दोघींसाठी या मुलींना वाऱ्यावर सोडू का? मला खरंच सुचत नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

भिंगरी


ता. १५ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मुलींना जपलंस ते बरोबर केलंस. पण घरात ढेकूण झाले म्हणून कुणी घर पेटवत नाही. कंपनीनं मला न विचारता काढलं, तू धाकटीला न विचारता काढलंस. फरक एवढाच की मला तुला झापता आलं आणि तुला लाज वाटली. तो फरक काही थोडा नाही.

आता ऐक. मी तुझ्या घरातून निघाले. बिऱ्हाड धाकटी आहे त्या ग्रंथपालाच्या घरात हलवलं. ग्रंथपाल भला माणूस आहे, पण त्याला नाही म्हणता येत नाही. मी त्याला कळवलं, मला जन्मभर दुसरं काही आलं नाही, मला दारावर बसव. बसवलं त्यानं. रोज सकाळी चहाच्या आधी तक्रारी वाचते. तुझे ते चौघे पहिल्याच दिवशी बाहेर काढले. एक म्हणाला, आजी, गंमत होती. मी लिहिलं, 'बाळा, मी साठ वर्षं बहिणीला शिव्या देतेय. गंमत मला ओळखता येते.'

तुझं दार बंद राहिलं तर आता मीही तुला दिसणार नाही. धाक घालत नाही, आहे ते सांगते. आधी मुलींना विचार. त्या नको म्हणाल्या तर उघडू नकोस, मी पत्रं लिहीत जाईन.

लोभ वाढवत बसू नकोस, आहे तो वापर.

आजी


ता. २१ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

मुलींना विचारलं. जिनं बोलणं सोडलं होतं तीच म्हणाली, त्या आजी दारावर असतील तर उघड. काल संध्याकाळी उघडलं.

पाच मिनिटांत धाकट्या आजीचा निरोप आला. माझ्या फोटोत मागे पडदा दिसतो, त्याची दुमड कुणी घातली म्हणून विचारते. पुढे लिहिलंय, 'तू घातली असशील तर शिकशील. ताईनं घातली असेल तर आता इलाज नाही.'

पडदा तू शिवलेला आहे, पण मी अजून कबूल केलेलं नाही. ती उत्तराची वाट बघत बसली आहे. तूच दे.

तुम्हा दोघींच्या लोभात अडकलेली,
भिंगरी