हलकी बंदूक, भारी काडतुसं

१८ ऑक्टोबर
उद्यापासून फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा सीझन. माझी शिकारी कुत्री टिल्डा तेरा वर्षांची झाली. जनावरांच्या डॉक्टर म्हणतात, तिचा हा शेवटचाच सीझन. तिच्यासाठी एक तरी कोंबडा, म्हणजे नर फेझंट, पाडायचाच. जुनी आठ पौंडी बंदूक विकून नवी बारा बोअर घेतली. फक्त साडेपाच पौंड. काडतुसं मात्र सगळ्यात भारी, दीड औंस छऱ्यांची. बंदूक हलकी, मारा जबरदस्त. हे आधी कसं सुचलं नाही.

आर्डिस म्हणाली की हलक्या बंदुकीत भारी काडतूस घातलं की सगळा धक्का खांद्यावर येतो. ती स्वतः त्याहून लहान वीस बोअर वापरते, छरे औंसभरसुद्धा नाहीत. बायकोचं ऐकून घेतलं. साऊथ डाकोटात अठ्ठेचाळीस सीझन काढलेल्या माणसाला शिकवू नये.

१९ ऑक्टोबर
सहा बार. पक्षी नाही. वारा होता.

२० ऑक्टोबर
नऊ बार. सूर्य डोळ्यांवर होता. खांदा काळानिळा. शर्ट बाथरूममध्ये कडी लावून बदलतो.

२३ ऑक्टोबर, दुपारी ३
प्रत्येक बार झाला की टिल्डा पडलेला पक्षी आणायला धावते आणि रिकामी परत येते. आज चौथ्या बाराला धावलीच नाही. माझ्याकडे बघत बसली. वय झालं तिचं, दुसरं काय.

उद्यापासून आणखी भारी काडतुसं.

२६ ऑक्टोबर
मेहुणा व्हर्लिन सोबत आला. मक्याच्या कडेला बंदूक त्यानेच भरून दिली. कोंबडा उठला, मी चाप ओढला. नुसतं टिक. नळी वीतभर खाली गेली होती आणि माझे डोळे मिटलेले. त्याने मुद्दाम आधीच उडालेलं, रिकामं काडतूस घातलं होतं. हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं.

"रॉल्फ, बार व्हायच्या आधीच तू दचकतोस."

मी म्हटलं, बंदुकीचा तोलच बिघडलाय. दुकानदाराला खरमरीत पत्र लिहिणार.

२ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितोय. उजव्या खांद्याचा स्नायू फाटलाय. माझा सीझन संपला. पत्र राहिलं.

आज आर्डिस टिल्डाला घेऊन शिकारीला गेली, मी पिकअपमध्ये बसलो. लांबवर कोंबडा उठला. एक बार, पडला. टिल्डाने तो तोंडात धरून सावकाश आणला, थेट माझ्या दारापाशी. मी डावा हात पुढे केला. तिने क्षणभर पाहिलं आणि वळून आर्डिसकडे गेली.

घरी येताना आर्डिस म्हणाली, "आधी तुझ्याकडेच आली होती, मी बघितलं."

मी म्हटलं, हो.