ट्यूनर बदलू नकोस

अरे, उठल्या उठल्या ट्यूनर बदलायला दुकानात पळू नकोस. आधी हे वाच. बस चुकेल म्हणून उभ्या उभ्या लिहितेय, अक्षर लावून घे.

बाईकचा सायलेन्सर बदललास तेव्हापासून इंजिन चढावर टकटक करायला लागलं, म्हणून पेट्रोल कमी-जास्त करणारा हा ट्यूनर तू बसवलास. 'हा चालवता चालवता आपोआप शिकतो,' असं सगळ्यांना सांगत फिरलास. टकटक गेलीही. काल कितीतरी दिवसांनी मी मागे बसले आणि पुलाच्या चढावर पुन्हा सुरू! आरशातून तू माझ्याकडे असं पाहिलंस, जशी काही मीच आतून ठोकत होते. मग जेवताना एकदम, 'फिक्स सेटिंगवाला घेतो.'

माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मेकॅनिकला झोपेतून उठवून विचारलं. तो म्हणाला, "ट्यूनर ठीक आहे वहिनी. दोघांनी बसून कधी चालवली होती का?"

'नाही,' म्हटलं. ट्रायलला तू दर रविवारी एकटाच जातोस. मी तयार होऊन बसलेली असते तरी. त्या बिचाऱ्या ट्यूनरला तुझ्या एकट्याचंच वजन माहीत आहे.

तेव्हा बदलू नकोस, शिकव त्याला. माझं हेल्मेट तू माळ्यावर टाकलं होतंस. ते काढून, पुसून बाईकच्या हँडलला अडकवलंय. संध्याकाळी मला कामावरून घ्यायला ये. पुलावरूनच जाऊ. टकटक झाली तर होऊ दे, पण आरशातून तसं बघू नकोस.