पातेलं कोणी ठेवलं

४ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारी अडीच. मेस रिकामी. काल पांढऱ्या रश्श्याचं उकळतं पातेलं भट्टीवरून कलंडलं. बाजूला खाली बसून सारिका कांदा चिरत होती. डावा पाय गुडघ्यापासून खाली भाजला. माझ्याबरोबर कामाला येणाऱ्या जैतूननं तिला उचललं आणि रिक्षापर्यंत पळत नेलं, कडेवर लेकरू घ्यावं तसं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस तरी उठायचं नाही.
परत आल्यावर वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं. (मेस त्यांची. अख्खी मंगळवार पेठ त्यांना वहिनीच म्हणते.) "पातेलं कोणी ठेवलं?"
मी म्हटलं, जैतूननं.
खोटं नाही. ठेवलं तिनंच.

५ नोव्हेंबर, बुधवार
काल अर्धंच लिहिलं. आज पूर्ण लिहिते.
त्या भट्टीचा डावीकडचा पाय दिवाळीच्या आधीपासून मोडलाय. खाली विटेचा तुकडा लावून चाललंय. सोमवारी सकाळी फरशी धुताना मी वीट काढली, भिंतीशी ठेवली. परत लावायची राहिली. मग मीच ओरडले, "ठेव की गं लवकर, गिऱ्हाईक बसलंय!" जैतूननं ठेवलं.
सगळे सारिकाभोवती होते, तेव्हा मी एका हातानं भट्टी उचलून वीट परत खाली सारली. तेवढं मात्र बरोबर सुचलं मला.
त्या संध्याकाळी उचगावला खोलीवर येताना बसमध्ये जैतून म्हणाली, "अक्का, म्या सांडलं?"
"व्हय. बघून ठेवत जा पुन्यांदा."
तिनं मान हलवली. स्टॉप येईपर्यंत दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघत होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
वहिनी म्हणाल्या, "मालन, तिला आता आणू नकोस. सारिकाचा नवरा लई तापलाय." आणि लगेच, "भट्टीचं सगळं तू बघायचं हितनं पुढं." दोन्ही एकाच दमात. मी "बरं" म्हटलं. दोन्हीला एकच बरं.
जैतून चाळिशीची, पण समज सात-आठ वर्षांच्या पोरीएवढी. शिरोळात आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच. पुराच्या साली पाणी छातीला लागलं, माझा गुडघा तेव्हाच कामातून गेलेला. तिनं मला पाठीवर घेतलं आणि शाळेपर्यंत आणलं. वाटेत एकदाही टेकवलं नाही. पुढच्या वर्षी तिची आई गेली. नवरा मला कधीच सोडून गेलेला. तेव्हापासून उचगावच्या या खोलीत आम्ही दोघी. लोक म्हणतात, मालन सांभाळते तिला. मीही तसंच म्हणायचे.

१० नोव्हेंबर, सोमवार
खोलीला बाहेरून कडी लावून कामाला जाते. शनिवारपासून. रस्त्यावर भटकली तर, गॅसला हात लावला तर... कारणं आहेत की. भरपूर आहेत.
आज शेजारच्या शेवंतामावशीनं गाठलं. "मालन, म्हस हाय काय ती, कोंडून घालायला?"
गॅसची भीती उगीचच. काल रविवार म्हणून म्हटलं, चल, दोन भाकरी थाप. तिच्या भाकरीसाठी लोक लांबनं मेसला यायचे. कागदासारखी पातळ, टम्म फुगणारी. तर हात मांडीखाली घालून बसली.
"नको अक्का. माझ्या हातानं मानूस भाजतंय."
भाकऱ्या मी केल्या. जाड झाल्या. तिनं मुकाट खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सरकारी दवाखान्यात गेलते, सारिकाला सांगायचंच असं ठरवून. पायाला पट्ट्या. कातडी ओढते म्हणाली. शहाळं घेतलं, हसली.
"जैतूनवर राग न्हाय माझा, ताई. तिला कुठं कळतंय? पर परत कामावर घिऊ नका. मला धडकी भरंल."
मी म्हटलं, नाही घेणार.
बाहेर बाकड्यावर तासभर बसले. परत आत जायचं होतं. मग भेटायची वेळ संपली.
संपायची वाट बघत होते. इथं तरी खरं लिहावं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दस्तगीर आला, जैतूनचा सावत्र भाऊ. शेवंतामावशीनं फोन केलता. तिच्या मनात वाईट नव्हतं.
"आक्का, तुमास्नी जड झाली आसंल तर नेतो की. बहीण हाय माझी. चार म्हशी हायत, शेणपाणी करील."
मागं दोन महिने होती त्याच्याकडे. गोठ्यात झोपायची. परत आली तेव्हा दंडावर वळ. कुणी मारलं म्हणून विचारलं तर म्हणे, "म्हशीनं." म्हशीच्या हातात काठी?
तो "शुक्रवारी येतो" म्हणून गेला. मी "नको" म्हटलं नाही. ती गेली तर तिचं तोंड रोज बघावं लागणार नाही, असं एक क्षण मनात आलं. आलं ते आलं. खोडणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज वहिनींना सांगितलं. वीट, सगळं. त्या मसाला निवडत होत्या. हात थांबला नाही.
"मला ठाव हाय भट्टीचा पाय मोडलाय ते. मिस्त्रीला बोलवायचं माझ्याकडनंच ऱ्हायलं की." मग म्हणाल्या, "मला सांगितलंस, हितंच ऱ्हाऊ दे. सारिकाच्या नवऱ्याला कळलं तर मेसला कुलूप लागंल. आठ बायका हायत हितं."
"आन् जैतून?"
"तिला काय फरक पडतोय, मालन? तिला काय कळतंय?"
सारिकाही हेच म्हणालेली. मीही मनात दोन आठवडे हेच म्हणत होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि तिथनं उठले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी जैतूनला समोर बसवलं. सावकाश सांगितलं. वीट मी काढली. लावायची मी विसरले. पातेलं माझ्यामुळं पडलं. तू काही केलं नाहीस.
ती ऐकत होती. मग हसली. माझ्या गालावर हात ठेवला.
"मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलतीस व्हय?"
"न्हाय गं. खरं सांगतोय."
"अक्का, तू म्हणालीस की बसमधी. म्या सांडलं म्हणून." जणू मीच विसरलेय अशा सुरात, समजावून.
तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा चिडली, रडायला लागली. "माझं हाय ते. तू कशाला घेतीस?"
बाहेरची कडी मात्र आजपासून नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सारिकाला काल घरी सोडलं. आज गेले. नवराही होता. उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर बोलले नसते. भट्टीचा पाय, वीट, "लवकर ठेव" म्हणून ओरडले ते, नंतर वीट सारली ते. वहिनी नको म्हणाल्या तेही सांगावं लागलं.
नवरा उठला. सारिकानं त्याचा शर्ट धरला. त्यानं शिव्या दिल्या, तेवढं व्हायलाच पाहिजे होतं.
सारिका एवढंच म्हणाली, "दवाखान्यात शहाळं घिऊन आलतीस. तवाच का न्हाय सांगितलंस?"
मी उंबऱ्यापर्यंत आले, तेव्हा मागून म्हणाली, "जैतूनला घिऊन ये उद्या. तिला मी सांगतो. माझ्या तोंडनं ऐकंल ती."
वहिनींचा फोन चार वेळा. उचलला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी नऊ. दस्तगीरनं आताच फोन केला, टेम्पो घेऊन निघालाय, दहाला पोचतो. मी "नेऊ नका" म्हटलं. तो म्हणाला, "तिलाच इचारतो की. तिच्या मनानं आली तर तुमी कोण अडवनार?"
बरोबर आहे त्याचं. कोण मी?
जैतून डोकं विंचरून, चांगली साडी नेसून पायरीवर बसलीय. तिला दोन्ही सांगितलंय. सारिकाकडं जायचं, का भावाबरोबर शिरोळला. कुठंही गेलीस तरी मी रागावणार नाही, तेही सांगितलं. तुझं तू ठरव म्हटलं. आजवर तिला असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.
तिनं खूप विचार केला. कपाळाला आठ्या घालून.
मग म्हणाली, "तू सांगशील तिथं."
मी अजून उत्तर दिलेलं नाही.